गुरुवारचा भरणा

१

शिव्या देणाऱ्या वसुलीवाल्यांना घाबरलेली माणसं मी रोज बघते. आभार मानणाऱ्या वसुलीवालीला घाबरलेलं जोडपं मात्र त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिलं.

मी शुभदा गुप्ते, वकील. सीबीडी बेलापूरला दुसऱ्या मजल्यावर माझं ऑफिस आहे आणि कर्जात बुडालेल्यांची कामं मी करते. सोमवारी सुनावणी असताना बुधवारी सकाळीच अशील दारात उभा दिसला की माझं डोकं फिरतं. फजल तुंगेकर आणि त्याची बायको रहिमा, दोघंही उभे होते, आणि मध्ये तिसरा माणूस सहज मावला असता एवढं अंतर ठेवून. नवरा-बायको असे उभे असले की मी आधी चहा सांगते आणि मग कायदा.

"मॅडम, तुमी बोलला होता फोन बंद होतील," फजल म्हणाला. "झाले पण. देवाशपथ, झोप लागायला लागली होती. काल हिच्या मोबाइलवर परत आला."

"धमकी दिली?"

"नाही ना! तीच तर गोची आहे." त्याने बायकोकडे न बघताच हात केला. "सांग, काय बोलली ती."

रहिमा हळू आवाजात म्हणाली, "सागरतारा फायनान्समधून बोलतेय म्हणाली. पैसे मिळाले, धन्यवाद. पुढचा भरणा कधी करताय?"

माझ्या हातातला कप बशीवर आपटला.

वाचणाऱ्यांनो, यात घाबरण्यासारखं काय ते सांगते. फजलचा तळोज्याला प्लास्टिकच्या ड्रमांचा कारखाना होता. तो बसला. कंपनीच्या कर्जांना फजल स्वतः जामीन होता, म्हणून सगळे त्याच्या घरापर्यंत आले. सोसायटीच्या गेटवर तमाशे झाले, समराच्या, म्हणजे त्यांच्या मुलीच्या, शाळेत फोन गेले. शेवटी मी न्यायाधिकरणात त्याच्या दिवाळखोरीचा अर्ज टाकला. अर्ज दाखल झाला की त्याच दिवसापासून वसुलीला स्थगिती मिळते. मी सगळ्यांना तसं कळवलं आणि फोन थांबले. पण त्या अर्जात फजलने शपथेवर सांगितलं होतं, माझ्या हातात द्यायला काही उरलेलं नाही.

आता कुणीतरी त्याचं कर्ज गुपचूप फेडत होतं. बाकीच्या बँकांना हे कळलं, आणि सोमवारी कळणारच होतं, तर त्यांचा वकील एकच वाक्य बोलणार होता: हा माणूस खोटं बोलला, याच्याकडे पैसे आहेत. मग स्थगिती जाणार, आणि पहिल्यांदा जाणार ते खारघरचं राहतं घर.

"फजलभाई, खरं सांगा. तुम्ही भरलेत?"

"मी?" तो उसळला. "मी कुठून भरू? हिला विचारा! हिच्या माहेरच्या बांगड्या कुठायत विचारा!"

रहिमाने पर्स उघडली, रुमालाची गाठ सोडली आणि बांगड्या माझ्या टेबलावर ठेवल्या. "काल रात्रीपासून हेच चाललंय, मॅडम. मोजून घ्या म्हणावं यांना. आणि यांनी मित्राकडे काही ठेवलंय का, ते मी विचारलं तर मी वाईट."

दोघांचेही डोळे भरलेले होते. एवढ्या धमक्यांनी जे घर फुटलं नव्हतं ते एका धन्यवादाने फुटायला आलं होतं. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो.

तेवढ्यात रहिमाचा मोबाइल वाजला. तोच नंबर होता.

२

"मी घेते," म्हणून मी फोन हिसकावलाच. "बोला! मी यांची वकील. स्थगिती असताना फोन करता? नाव काय तुमचं?"

पलीकडून आला तो एक तरुण, थकलेला आवाज. "मॅडम, मी भाविका. महापेच्या कॉल सेंटरमधून बोलतेय. प्लीज ओरडू नका, आमचे कॉल रेकॉर्ड होतात. तुमची नोटीस आली तेव्हा आम्ही हा अकाउंट बाजूला काढला होता, खरंच."

"मग परत कुणी पुढे आणला?"

"कुणी नाही. सिस्टीमने आणला. बंद पडलेल्या अकाउंटला पैसे यायला लागले की तो आपोआप वर येतो. पार्टी भरतेय म्हणजे अजून भरेल, असं धरतात. मी फक्त समोर येईल तो नंबर लावते."

हे मला पटलं. वसुलीचं कामच असं चालतं. जो देतो त्याच्याच मागे सगळे लागतात.

"पैसे येतात कसे? ऑनलाइन?"

"नाही, कॅश. बेलापूरच्या काउंटरवर. थोडे थोडे, पण नियमाने. दर गुरुवारी. आणि हा नंबरही तिथेच नवीन टाकलाय. भरणा करणाऱ्याने दिलेला कॉन्टॅक्ट नंबर."

"भरतं कोण, बाई की पुरुष?"

"ते मला दिसत नाही हो. मी खोटं कशाला बोलू?"

फोन ठेवला तेव्हा फजलचा चेहरा उतरला होता. "मॅडम, रहिमाचा हा नंबर तर नवीन आहे. जुने सगळे सिम आमी फेकले."

"नवा कुणाकुणाला माहीत आहे?"

रहिमा बोटं मोडत म्हणाली, "यांना. माझ्या दिराला, अल्तमशला. समराच्या शाळेत. तुम्हाला. बस. यांच्या अम्मींकडे तर फोनच नाही, त्यांना सोडा."

"आणि सागरताराचं कर्ज मोठं आहे?"

"सगळ्यात बारकं," फजल म्हणाला. "जुन्या मशीनचं. ते मशीन तर केव्हाच भंगारात गेलं. त्यांची माणसं कधी दारात पण आली नाहीत, बिचारी."

माझ्या शेजारच्या टेबलावर आशुतोष बसतो. तोही वकील, ऑफिसचं भाडं आम्ही निम्मं निम्मं भरतो. जगातल्या सगळ्या दुखण्यांवर नोटीस हाच त्याचा उपाय. दोघं गेल्यावर तो खुर्ची वळवून म्हणाला, "शुभदाताई, सोप्पं आहे. याचा पार्टनर कोण?"

"धर्मराज. तोही त्याच कर्जांना जामीन आहे."

"त्याने अर्ज केलाय?"

"नाही."

"मग झालं की! स्थगिती फजलपुरती. सगळे फोन आता धर्मराजला जात असणार. फजलचा अर्ज फेटाळला गेला तर ओझं परत दोघांवर. थोडेसे पैसे भरायचे, फजलला खोटं पाडायचं. खल्लास!"

चिडायला झालं, कारण त्याचं म्हणणं चुकीचं वाटत नव्हतं. मी तशीच रिक्षा पकडून तळोज्याला गेले.

३

धर्मराज बंद कारखान्याच्या शेजारच्या शेडमध्ये आता दुसऱ्याच्या हाताखाली सुपरवायझर होता. मूळचा सोलापूरकडचा, उंचापुरा माणूस, पण खांदे पडलेले. मी नाव सांगताच हसला, कडवट.

"या की वकीलबाई. फजलला छत्री दिली तुम्ही आणि मला सोडलं पावसात. बघा." त्याने मोबाइल पुढे केला. बोलता बोलताच तो दोनदा थरथरला. "आधी निम्मे त्याला यायचे, आता सगळे मलाच."

"तुम्हीही अर्ज करू शकता. मीच सांगितलं होतं."

"सांगितलं हो. पण गावाकडे बापाला कसं सांगू, दिवाळं काढलं म्हणून?" त्याने मोबाइल खिशात घातला. "फजलचा राग येतो मला, खोटं कशाला बोलू. पण त्याच्या कर्जात पैसे भरून त्याला अडकवू? अहो, भरायला असते तर माझे नसते भरले?"

"रहिमाचा नवा नंबर आहे तुमच्याकडे?"

"नाही हो. भाभींनी कुणाला दिलाच नाही." त्याने शेडच्या मागच्या रिकाम्या जागेकडे बोट केलं. "तिथं अब्बांचं मशीन होतं. फजलचे वडील. कारखान्यातलं पहिलं मशीन, त्यांच्या सहीनं आलेलं. म्हातारपणी पण स्वतः बसायचे त्यावर. कुणाला हात लावू देत नव्हते."

"गेले ना ते?"

"गेल्या वर्षी. मी होतो मातीला. नमाज पढायच्या आधी फजल सगळ्यांसमोर उभा राहिला आणि बोलला, माझ्या वडलांकडं कुणाचं काही येणं राहिलं असेल तर माझ्याकडं या, मी देईन. त्यांच्यात तशी रीतच आहे. पण मला लई भारी वाटलं होतं, वकीलबाई. असा मुलगा पाहिजे वाटलं." धर्मराजने मान हलवली. "आणि नंतर हे असं झालं."

मी निघाले तेव्हा त्याने मला रिक्षापर्यंत सोडलं, आणि रिक्षावाल्याला जास्त भाडं घेऊ नको म्हणून दम दिला. दुष्ट माणसं असं करत नाहीत असं नाही, पण माझा संशय त्याच्यावरून उठला. खरं तर त्याचाही अर्ज टाकायला हवा, हे डोक्यात घेऊनच मी खारघरला उतरले.

४

फजलच्या घरी त्याचा धाकटा भाऊ अल्तमश आलेला होता. कळंबोलीला ट्रान्सपोर्ट ऑफिसात काम करतो. त्याचं लग्न ठरत होतं ते भावाच्या दिवाळखोरीमुळे लांबलं होतं, म्हणून आशुतोषने त्यालाही संशयितांच्या यादीत घातलं होतं.

"हो, बोललो होतो मी," अल्तमश भांडायच्या तयारीतच होता. "भाई असा बसून राहिला तर मीच एकेकाचं फेडीन, असं बोललो. रागात बोललो. मुलीकडचे लोक काय काय बोलतात, तुमाला काय माहीत?"

"मग फेडलंत?"

"मॅडम, मी भरले असते तर काउंटरवर माझा नंबर नसता दिला? भाभीचा देऊन तिला कशाला मारायचं? लपवायचं तर लपवायचं, अन् घरातच फोन वाजवायचा? कोण येडा करेल असं?"

तो रागात बोलला, पण फार शहाणं बोलला. मी ते वाक्य मनात घोळवत राहिले.

आतून फजलच्या अम्मी पाणी घेऊन आल्या. बारीक चणीच्या, पांढरी ओढणी, हात मोकळे. आमच्याकडेही बाई विधवा झाली की मनगटं मोकळी होतात, मी तिकडे दुसऱ्यांदा बघितलंसुद्धा नाही. त्यांनी ग्लास ठेवला, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि न बोलता आत गेल्या.

"अम्मी बोलत नाहीत फारशा?" मी रहिमाला विचारलं.

"अब्बा गेल्यापासून कमीच. आणि आमचं हे सुरू झाल्यापासून पैशाचा विषय निघाला की उठूनच जातात. एकट्या मात्र फिरतात हां, मेट्रो झाल्यापासून. तळोज्याला बहिणीकडे, कधी बाजारात. मला भीती वाटते, रस्ता चुकल्या तर?"

अल्तमश उठला. "भाभी, उद्या येतो. उद्या जुमेरात ना, अब्बांची फातिहा." माझ्याकडे वळून म्हणाला, "दर गुरुवारी संध्याकाळी आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाने दुआ असते. तेवढ्यासाठी येतो, भाईशी बोलायला नाही."

दार त्याच्यामागे जोरात लागलं. फजल बाल्कनीत पाठ करून उभा होता, रहिमा स्वयंपाकघरात. हे घर वाचवायला माझ्याकडे आता फक्त कायदा होता, आणि तो काही कामाचा दिसत नव्हता.

मी लिफ्टमध्ये शिरले आणि तिथेच थांबले. वर बघून स्वतःशीच म्हणाले, अगं बाई! शुभदा, तुझ्या डोक्यात भुसा भरलाय का?

५

गुरुवारी मी आशुतोषला ओढतच बेलापूरच्या सागरताराच्या काउंटरवर नेलं. आमच्या ऑफिसपासून दोन गल्ल्या पलीकडे. बाकावर बसलो.

"कुणाची वाट बघतोय?" तो कुजबुजला.

"गप्प बस आणि ऐक. भरणारा माणूस कुणाला न सांगता भरतोय, पण नंबर देतो रहिमाचा. रहिमा स्वतः लपवत असती तर तिने स्वतःचा नंबर दिला नसता, फोन घरीच वाजणार हे तिला कळत होतं. फजलचंही तेच. अल्तमशने स्वतःचा दिला असता. धर्मराजकडे हा नंबरच नाही. मग दुसऱ्याचा नंबर देतं कोण?"

"कोण?"

"ज्याच्याकडे स्वतःचा नंबर नाही. काउंटरवर विचारलं, मोबाइल नंबर बोला, तेव्हा त्याला जो एकच पाठ होता तो त्याने सांगितला. लपवायचं, फसवायचं त्याच्या डोक्यातही नव्हतं."

मी थांबले नाही. "आता कर्ज कोणतं निवडलं ते बघ. घाबरलेला माणूस सगळ्यात जास्त त्रास देणाऱ्याला देतो. फजलला अडकवणारा मोठ्या बँकेला देईल, म्हणजे गाजावाजा होईल. इथे निवडलं सगळ्यात बारकं, सगळ्यात मुकाट बसलेलं. ज्या मशीनवर अब्बा बसायचे त्याचं. वार गुरुवार, ज्या संध्याकाळी घरात अब्बांसाठी दुआ होते. हे कर्ज फजलचं म्हणून कुणी फेडतच नाहीये, आशुतोष. अब्बांचं म्हणून फेडतंय."

"पण पैसे कुठून?"

"मनगटं. सगळ्यांना वाटलं नवरा गेला म्हणून मोकळी झाली. मलाही वाटलं. बांगड्या विकल्या म्हणून मोकळी झाली असतील, असं कुणाच्या मनात येईल?"

काचेचं दार उघडलं. अम्मी आत आल्या. हातात घट्ट धरलेला रुमाल. आम्हाला त्यांनी पाहिलं नाही. सरळ खिडकीशी गेल्या आणि आतल्या माणसाला अगदी अदबीने विचारलं, "साहेब, आज हाय का कोणी, माफ करनारं?"

आतला माणूस बिचारा ओशाळला. त्याला हे नेहमीचं असावं. "आजी, मी दर वेळी सांगतो ना. तसा ऑप्शन नाही सिस्टीममध्ये. माफ करणारं इथे कुणी बसत नाही. काय भरायचं तेवढं भरा."

"बरं," म्हणून अम्मींनी रुमालाची गाठ सोडायला घेतली.

मी उठले.  त्यांच्या हातावर हात ठेवला आणि म्हटलं, "अम्मी, आज राहू द्या. घरी चला."

६

सुनावणीचं आधीच सांगून टाकते, म्हणजे जीव टांगणीला राहायला नको. सोमवारी मी अम्मींचं प्रतिज्ञापत्र दाखल केलं. महरच्या बांगड्या त्यांच्या स्वतःच्या, नवऱ्याने लग्नात दिलेल्या, त्यावर मुलाचा काडीचा हक्क नाही. त्या त्यांनी पनवेलच्या सोनाराकडे एकेक करून विकल्या आणि ते पैसे नवऱ्याचं कर्ज म्हणून भरले. सोनारही उभा राहिला. बँकेचा वकील उठला होता तो बसला. स्थगिती कायम राहिली, घर राहिलं. धर्मराजही पुढच्या आठवड्यात बापाला सांगून माझ्याकडे आला. इथवर सगळं वकिलीचं.

वकिलीच्या बाहेरचं झालं ते त्या गुरुवारी, खारघरला.

मी अम्मींना घेऊन घरात गेले आणि काय ते सांगितलं. फजल मटकन खाली बसला. रहिमाने तोंडावर ओढणी धरली आणि रडत रडत सासूला मिठी मारली. "अम्मी, माझाच नंबर दिलात?"

"तूच पाठ करून घेतलास ना," अम्मी चकित होऊन म्हणाल्या. "रस्ता चुकला तर हाच नंबर सांगायचा, बोललीस. त्यांनी नंबर इचारला, मी सांगितला. मला काय म्हायती ते फोन करतील?"

अल्तमश फातिहासाठी आला होता, तो दारातच उभा राहिला.

"अम्मी, का?" फजलने विचारलं.

"का म्हंजे? मयतीला तू उभा राहिलास, सगळ्यांसमोर जबान दिलीस. मग कारखाना बसला. तुझं तू बघशील, तुझी तब्येत हाय, उमर हाय. त्यांचं काय? कर्ज राहिलं की रूह अडकून राहते, बेटा. त्यांना कुठं कमवता येतंय आता? मला वाटलं, ज्यांचं देनं हाय त्यांच्यातलं कोनी तरी माफ केलं बोलेल, तर सुटतील. पन तिथं तसं कोनी भेटतच नाय. मग देत होते थोडं थोडं."

"मग मला का नाही बोललीस?" फजल ओरडलाच. "मी रहिमावर नाही नाही ते बोललो! घर जायची वेळ आली! मला एकदा विचारायचं ना, अब्बांच्या कर्जाचं काय करतोयस म्हणून!"

अम्मींनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांना खरोखरच काही कळत नव्हतं.

"पन ते मना हाय ना?" त्या म्हणाल्या. "ही वकीलबाई इथंच बसून बोलली होती. आजपासून फजलला कर्जाचं कोनी काय इचारायचं नाय, कोर्टाचा हुकूम हाय. कोनी म्हंजे कोनीच नाय. मला वाटलं, त्यात मी पन आले."

 मी किती घरांमध्ये ते वाक्य म्हटलं असेन, दरवेळी लोकांचे चेहरे उजळतात म्हणून मला ते म्हणायला आवडतं. ऐकणाऱ्यांमध्ये आईही असते, हे मला कधी सुचलं नव्हतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

फजल गुडघ्यांवर सरकत आईपाशी गेला आणि तिचे दोन्ही हात त्याने आपल्या हातात घेतले.

"तू नाही त्यात, अम्मी. तुला कोण थांबवणार? तू विचार."

"इचारू?" त्यांनी खात्री करायला माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

"मग सांग. अब्बांचं कधी देशील?"

इतके महिने किती जणांनी त्याला हे 'कधी' विचारलं होतं, आणि दर वेळी त्याने काहीतरी तारीख ठोकून दिली होती, नाहीतर फोन कापला होता. आता त्याने आईच्या मोकळ्या मनगटांकडे पाहिलं.

"माहीत नाही, अम्मी," तो म्हणाला. "आता माझ्याकडे काही नाही. कोर्ट सांगेल तसं सगळ्यांचं देईन. कोर्टाचं संपलं आणि अब्बांचं राहिलं, तर ते मी तरीही देईन. पण कधी, ते आज खरंच माहीत नाही."

"बरं," अम्मी म्हणाल्या. रुमाल त्यांनी रहिमाच्या हातात दिला आणि अल्तमशला आत बोलावलं. "ये, भावाच्या बाजूला बस. अब्बांची फातिहा राहिलीय."